धन्याची शेवटची हजामत

"मेलेल्या माणसाची हजामत करायला किती वेळ लागतो?" कारभारी नागामी शोगेननं मला विचारलं आणि लगेच जीभ चावली. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "धन्यांची हजामत करायला किती वेळ लागेल, देनपाची?"

"नेहमी लागतो तेवढाच," मी म्हणालो.

"मग लाग कामाला. दुपारी सरकारचा माणूस येतोय."

धनी आमच्या दोघांच्या मध्ये जाड रजईखाली पडले होते. इसावा मासाकागे, कुरोसे संस्थानाचे सरदार, वय वर्षं सव्वीस. पहाटे त्यांचा श्वास थांबला होता. त्यानंतर राजधानी एदोतल्या आमच्या हवेलीत ना कुणी रडलं, ना कुणी उदबत्ती लावली. वैद्य नेहमीसारखा काढा उकळत बसला होता आणि मुदपाकखान्यात धन्यांची पेज शिजत होती. नागामीनं सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, की सरकारचा माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत धनी जिवंत आहेत, आणि ज्याच्या तोंडून दुसरं काही निघेल त्याची जीभ जाग्यावर राहणार नाही.

धन्यांना मूल नव्हतं. वारस न नेमता सरदार मेला तर त्याचं संस्थान खालसा, असा देशावर राज्य करणाऱ्या शोगुनच्या सरकारचा कायदा होता. मरणाच्या दारातला सरदार दत्तक मात्र घेऊ शकत असे. त्यासाठी सरकारचा पाहणी अधिकारी घरी येई, सरदार हयात असल्याची खात्री करून घेई, आणि त्याच्यादेखत दत्तकपत्रावर सरदाराची मोहर उठे. आता खरं सांगायचं तर एदोत कितीतरी मेलेले सरदार असे दत्तक घेऊन गेले होते. अधिकारी येत, पडद्याबाहेर बसून चहा पीत आणि निघून जात. सगळ्यांना सगळं ठाऊक असे आणि कुणी चकार शब्द काढत नसे.

पण आमच्याकडे येणार होता अमागाई गोनबेई. त्यानं पडदा बाजूला सारून दोन घराणी बुडवली होती आणि तिसऱ्याची तो वाटच पाहत होता. आमच्यासारख्या हवेल्यांत त्याचं नाव निघालं की लोक विषय बदलत.

"धन्यांचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवणार आहोत," नागामी म्हणाला. "अमागाईनं पडदा सारलाच, तर टाळू तेवढी दिसेल. ती लख्ख हवी. इसावा घराण्याचा प्रमुख सरकारपुढे खुरटे केस वाढलेला, रोगट दिसता कामा नये. कळलं?"

मी धन्यांच्या टाळूकडे पाहिलं आणि मला एकदम सगळं दिसलं.

आम्ही सामुराई लोक कपाळापासून टाळूपर्यंत वस्तरा फिरवतो. आजारी माणसाला मात्र वस्तरा लावत नाहीत, त्याला गार हवा बाधते म्हणून. धनी सतरा दिवस अंथरुणावर होते. ते मान उचलू शकत नाहीत असं आम्हीच सरकारला लिहून कळवलं होतं. त्यांच्या टाळूवर तांदळाच्या दाण्याएवढे केस वाढले होते, आणि तसेच ते असायला हवे होते. असल्या आजाऱ्याची लख्ख तासलेली टाळू अमागाईला दिसली, की तो पहिला प्रश्न तिथूनच विचारणार. पण नागामीनं उभ्या जन्मात वस्तरा हातात धरला नव्हता. त्याची टाळू रोज दुसरं कुणीतरी करायचं आणि त्याला ती आपोआप होते असं वाटायचं.

एका वाक्यात मी त्याला सांगू शकलो असतो.

"कळलं, कारभारीसाहेब," मी म्हणालो आणि वस्तरा सहाणेवर लावायला घेतला.

माझ्या मोठ्या भावाचं नाव मुराई हेइसुके. दोन वर्षांपूर्वी धनी शिकारीला गेले असताना त्यांच्या बाणानं शोगुनच्या राखीव रानातला करकोचा पडला. असा पक्षी मारणं म्हणजे घराण्यावर वरवंटा फिरवून घेणं. धन्यांचं धनुष्य सांभाळायला हेइसुकेदादा शेजारी उभा होता. संध्याकाळपर्यंत नागामीनं ठरवून टाकलं, की बाण दादानं मारला. दादानं तोंडातून शब्द काढला नाही. त्याला सामुराईसारखं स्वतःच्या हातानं पोट चिरून मरण्याचा मानही मिळाला नाही. चोरासारखी मान उडवली. त्याचं नाव दफ्तरातून खोडलं. थडग्यावर नाव कोरायची बंदी झाली. आमची आई, वहिनी आणि दादाची लेक कुरोसेच्या किल्ल्यामागे एका झोपडीत जाऊन राहिल्या.

मला मात्र धन्यांनी ठेवून घेतलं. त्यांच्या टाळूला वस्तरा लावायचं काम माझंच होतं आणि ते त्यांनी माझ्याकडेच राहू दिलं. रोज सकाळी माझं पातं त्यांच्या डोक्याला टेकलं की ते आरशातून माझ्याकडे पाहत आणि विचारत, "हात थरथरतोय का रे, देनपाची?" आणि हसत. मी म्हणायचो, "नाही, धनी." दोन वर्षं रोज. त्या हसण्याचा मला जेवढा तिरस्कार होता तेवढा मी आयुष्यात कशाचा केला नाही.

दत्तक कोण होणार होता, तर धाकट्या पातीतला एक इसावा, म्हणजे नागामीचा सख्खा जावई. घराणं वाचलं असतं तर ते नागामीच्याच घशात गेलं असतं. मग मी कशाला तोंड उघडू? मला हुकूम होता, मी हुकूम पाळत होतो. मी गरम पाण्यानं ती टाळू भिजवली आणि कपाळापासून सुरुवात केली. मला आनंद होत होता हे कबूल करायला हवं.

कानाच्या वरच्या बाजूला माझा हात थरथरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पातं चामडीत शिरलं आणि बोटाच्या पेराएवढी चीर पडली. मी सवयीनं फडकं दाबलं. काढून पाहिलं तर फडकं कोरं होतं. चीर पांढरी, तिच्या कडा उघड्या, रक्ताचा थेंब नाही. ते पाहून मला पहिल्यांदा पटलं, की हा माणूस खरंच मेला आहे.

एवढ्यात दार सरकलं आणि ओतोकूमावशी आत आली. मुदपाकखान्यातली ही म्हातारी धन्यांच्या बापाच्या वेळेपासूनची. तिच्या एका हातात पेजेचा वाडगा होता आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेले तापवलेले दगड. रजईखाली तासातासाला ते दगड बदलायचे, देह गार लागू नये म्हणून, हे तिचं काम.

दगड सारून ती धन्यांच्या उशाशी बसली आणि पेज स्वतःच खाऊ लागली. वाडगा रिकामा परत जायला हवा होता.

"दोन वर्षांपूर्वी यानंच माझ्या अंगावर उकळतं पाणी फेकलं होतं," ती घास गिळत म्हणाली. "आज त्याच्या वाटणीची पेज मी खातेय. खारट झालीय जरा." मग तिची नजर टाळूवर गेली. ती खायची थांबली.

"हे काय केलंस रे?"

"हजामत."

"सतरा दिवसांच्या आजाऱ्याची?"

"कारभाऱ्यांचा हुकूम."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला नाही. तिनं दोन नवरे आणि तीन मुलं दुखण्यात पुरली होती. आजारी माणसाचं डोकं कसं दिसतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"हुकूम त्याचा," ती हळूच म्हणाली, "पण कावा तुझा."

"त्यांनी दादाची मान उडवली, मावशी."

"उडवली. आणि मी त्या दिवशी चूल पेटवली नव्हती, तुला माहीत आहे." तिनं वाडगा खाली ठेवला. "पण आता कुणाचं वाटोळं करतोयस ते तरी बघ. नागामीचं? तो म्हातारा आहे, पैसेवाला आहे, कुठल्यातरी देवळात जाऊन सुखानं मरेल. घराणं बुडालं की कुरोसेत नवा धनी येईल त्याच्या माणसांसकट. आपली तीनशे घरं रस्त्यावर. माझी लेक चार पोरांसकट रस्त्यावर. आणि तुझी आई? तुझी वहिनी? गुन्हेगाराच्या बायकोला नवा धनी त्या झोपडीत तरी राहू देईल का रे? बर्फ पडतंय तिकडे."

खरं सांगतो, तोवर मी आईचा विचारच केला नव्हता. रागात मला फक्त नागामीचं तोंड दिसत होतं, अमागाईनं प्रश्न विचारल्यावर ते कसं होईल तेवढंच.

"आता काय करणार?" मी म्हणालो. "केस परत चिकटवू?"

बाहेर फाटकाशी आरोळी उठली. पालखी आली होती. ओतोकूमावशी रिकामा वाडगा घेऊन उठली, दारात क्षणभर थांबली आणि निघून गेली.

मी एकटा उरलो. पुढच्या अंगणातून पावलं येईपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात मला जे करायचं होतं ते मी केलं, मग वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि खोलीच्या कोपऱ्यात डोकं टेकवून बसलो.

अमागाई गोनबेई बारीक, स्वच्छ, हळू बोलणारा माणूस होता. तो पडद्याबाहेर बसला. त्याच्यापुढे चहा ठेवला, त्यानं हात लावला नाही. नागामीनं दत्तकपत्र वाचून दाखवलं, रजईखालून धन्यांचा हात पडद्याच्या फटीत दिसेल एवढाच उचलला, बोटांत मोहर धरवली आणि आपल्या हातानं दाबली. हात ताठ झाला होता. नागामीच्या कपाळावर घाम आला.

"सरदारांना शक्ती फार दिसत नाही," अमागाई म्हणाला.

"मान उचलणंही होत नाही, साहेब. आपल्याला तसं लिहून कळवलं होतं."

"हो, वाचलं मी." आणि त्यानं हात पुढे करून पडदा बाजूला सारला.

सरदाराच्या देहाला हात लावायचा अधिकार त्याला नव्हता. बघायचा होता. तो बघत राहिला. मी जमिनीकडे पाहत होतो तरी त्याची नजर कुठे अडकली ते मला कळलं.

"नागामी, सतरा दिवस जो माणूस मान उचलू शकत नाही त्याची टाळू आज सकाळी तासलेली कशी?"

मी मान वर केली. त्या क्षणी नागामीला आपली चूक समजली. त्याचं तोंड मी पाहिलं. ज्यासाठी मी सकाळपासून थांबलो होतो तेच ते तोंड होतं, आणि मला काहीच गोड वाटलं नाही.

"मी विचारतोय," अमागाई म्हणाला. "मेलेल्याला शेवटचं न्हाऊ घालून त्याची हजामत करतात, तसं तर हे नाही?"

"मी केली, साहेब," मी कोपऱ्यातून म्हणालो.

"तू कोण?"

"मुराई देनपाची. धन्यांच्या टाळूचं काम माझ्याकडे असतं."

"आजारी माणसाला वस्तरा लावलास? कुणाच्या सांगण्यावरून?"

"धन्यांच्याच. आपण येणार म्हणून कळल्यावर त्यांनी टाळूकडे हात नेला. बोलणं होत नाही, पण खूण स्पष्ट होती. सरकारच्या माणसापुढे असं पडायचं नाही म्हणून."

"आणि तू ते ऐकलंस."

"धनी रोज मला एकच विचारतात, साहेब. हात थरथरतोय का? आज बोलले नाहीत, पण डोळ्यांनी विचारलंच."

अमागाईचे डोळे बारीक झाले. "आणि थरथरला?"

"थरथरला. उजव्या कानाच्या वर. धन्यांना लागलं."

तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि इतका वाकला, की त्याची सावली धन्यांच्या गालावर पडली. कानाच्या वर चीर होती. तिच्या कडांना रक्त धरलं होतं आणि एक बारीक ओघळ कानामागे जाऊन सुकला होता. तो बराच वेळ ते पाहत राहिला.

"मेलेल्याला रक्त येत नाही," अखेर तो म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा होती, लपवायचीही त्यानं तसदी घेतली नाही.

ते रक्त माझं होतं. कोपराच्या आतल्या बाजूला मी पातं ओढलं होतं आणि अंगठ्यानं ते त्या पांढऱ्या चिरेत भरलं होतं. बाहीच्या आत अजून ओलं लागत होतं.

अमागाई उठला. दारापाशी वळून त्यानं विचारलं, "धन्याचं रक्त काढणाऱ्याला इसावांच्या घरात शिक्षा काय?"

"मृत्यू," नागामी म्हणाला.

"मग मी असं लिहितो, की सरदार हयात आहेत, दत्तक रीतसर झालं, आणि टाळूला वस्तऱ्याची जखम आहे. तुम्ही या माणसाचं काय केलंत ते तीन दिवसांत मला कळवा." तो माझ्याकडे पाहून हसला, अगदी धन्यांसारखा. "याला नुसतं सोडून दिलंत, तर ते रक्त धन्यांचं नव्हतं असं मी समजेन."

पालखी गेली. फाटक लागलं. खोलीत मी, नागामी आणि धनी उरलो.

"बाही वर कर," नागामी म्हणाला.

मी केली. त्यानं ती चीर पाहिली. मग म्हणाला, "टाळूचं तुला आधी सुचलं होतं. मी सांगितलं तेव्हाच."

"हो."

"आणि तू गप्प बसलास. आम्हाला बुडवायला निघाला होतास."

"हो."

"मग वाचवलंस का?"

"तुम्हाला नाही वाचवलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याला ते उत्तर आवडलं असावं किंवा मुळीच आवडलं नसावं. त्या माणसाचं कधी कळत नसे. त्यानं धन्यांच्या उशाखालून मोहर काढली, एक कोरा कागद माझ्यापुढे पसरला आणि शेजारी शाईची डबी ठेवली.

"धन्याच्या गुन्हेगाराला फक्त धनीच माफ करू शकतात," तो म्हणाला. "आणि परवा आपण मृत्यू जाहीर करेपर्यंत धनी जिवंत आहेत. त्यांच्या मोहरेचा हुकूम असला की अमागाईला बोलता येणार नाही. उलट धनी जिवंत होते याचा तो आणखी एक पुरावा. शेंडी कापून, म्हणजे सामुराईपण काढून घेऊन हद्दपारी, जीव शाबूत. हे एक."

"आणि दुसरं?"

"दुसरं हेइसुकेचं. खोडलेलं नाव दफ्तरात परत. थडग्यावर नाव. तुझी आई आणि वहिनी परत आपल्या घरात, पोरगी चांगल्या घरी जाईल. धन्यांची मरतानाची दया, कुणी विचारणार नाही."

"दोन्ही लिहा."

"एका कागदावर एकच हुकूम असतो, आणि कागद एक आहे."

"कारभारीसाहेब, मोहर तुमच्या हातात आहे."

"ज्याला मान उचलता येत नाही त्यानं दत्तकपत्रावर मोहर केली आणि वर एक हुकूम दिला, इथवर ठीक. तिसरा कागद निघाला की अमागाई परत येईल." तो माझ्याकडे न पाहता शाई घोटत होता. "तू मला सकाळी बुडवायला निघाला होतास, देनपाची. तुझ्यासाठी मी एवढाच धोका घेईन. माग काय मागायचं ते."

तिसऱ्या कागदानं काही बिघडलं नसतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तो मला शिक्षा देत होता. अमागाईची नाही, स्वतःची.

मी दादाकडे पाहिल्यासारखा त्या कोऱ्या कागदाकडे पाहत बसलो. दोन वर्षं मी रोज सकाळी त्याच्यासाठी जळत होतो. त्याच्यासाठी तीनशे घरांवर वस्तरा चालवायला निघालो होतो. आता त्याचं नाव माझ्यापुढे होतं, मागायचा अवकाश. बाहेर मुदपाकखान्यात ओतोकूमावशी भांडी घासत होती. उन्हाची तिरीप चटईवर आली होती. माझ्या हातावरचं रक्त सुकून ओढ देत होतं. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि मला मरायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते.

मी काय मागितलं ते सांगायला नको. मी जिवंत आहे आणि तुम्हाला हे सांगतो आहे.

नागामीनं झरझर लिहिलं, धन्यांच्या ताठ बोटांत मोहर धरवली आणि दाबली. मग शाई वाळेपर्यंत फुंकर घालत म्हणाला, "हेइसुके असता तर त्यानं दुसरं मागितलं असतं."

ऊन कलायच्या आत माझी शेंडी कापून मला मागच्या फाटकानं काढलं. ओतोकूमावशी तिथे उभी होती. तिनं पानात गुंडाळलेला भाताचा मुटका माझ्या हातात कोंबला आणि डोळे पुसत म्हणाली, "सगळ्यांना वाचवलंस रे. तुझ्या आईचा लेक शोभलास." मी तिला काही सांगितलं नाही. ज्या धन्यानं माझ्या भावाला जिवंतपणी माफ केलं नाही, त्यानं मेल्यावर मला केलं होतं, आणि ते मी मागून घेतलं होतं.

याला एकतीस वर्षं झाली. घाटाखालच्या या मुक्कामाच्या गावी मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाळू तासतो. आई आणि वहिनी त्याच झोपडीत वारल्या, एकामागून एक. पोरीचं काय झालं ते कुणी नीट सांगत नाही. मागच्या महिन्यात कुरोसेचा एक तरुण सामुराई माझ्यापुढे येऊन बसला. संस्थान छान चाललंय म्हणाला, नागामीच्या जावयाचा मुलगा आता धनी आहे. मी पाणी लावता लावता त्याला विचारलं, किल्ल्यामागच्या टेकडीवर, पाइनच्या झाडाखाली एक थडगं आहे, त्यावर काही लिहिलंय का?

"तिथं होय?" तो म्हणाला. "नाही. तिथं नुसता दगड आहे."

मी पातं पुसलं आणि दुसरी बाजू करायला घेतली. हात थरथरला नाही.